उशाशी ठेवलेली चकती

माझी चकती भंगारात गेली हे कळलं तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन अंगणात आले आणि नवऱ्याला विचारलं, "माळ्यावरची गोणी कुठंय?"

"परवाच दिली."

"कुणाला?"

"भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकली. लेकीची खाट लावायचीय. जागा नको व्हय?"

आमचे हे कमी बोलतात. कमी बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे दोघांचं आपण एकटीनंच भांडायचं. मी तेवढं भांडले. त्या गोणीत मोडकी खुरपी होती, जुन्या पंपाचे तुकडे होते, ते गेलं तर गेलं. पण तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली चकती होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते आणि या गृहस्थांनी नेमकी तीच चकती उचलून दिली होती!

"तुमच्या डोक्यात भुसा भरलाय का हो? आता तिच्या उशाला काय ठेवू? तुमचा मोबाईल?"

हे म्हणाले, "कोयता ठेव की. समदे ठेवत्यात."

समदे ठेवतात हे मलाही ठाऊक आहे. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाशी सव्वा महिना लोखंड असतं. कोणी विळा ठेवतं, कोणी कोयता, कोणी अडकित्ता. माझ्याकडे मात्र ही चकती होती. भाकरीएवढी, मधे भोक, दोन-अडीच किलो वजनाची. यांनी हायवेवरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली. तिथं खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. एका खंडेनवमीला मुकादमानं बाद झालेल्या चकत्यांमधली एक पूजेत मांडली आणि पूजा झाल्यावर यांच्या हातात दिली. मी तेव्हा पहिलटकरीण होते. सासूबाईंनी ती हळदीकुंकू लावून माझ्या उशाशी ठेवली. पुढं लक्षात आलं, हिला गंज चढत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे दाराच्या कड्यासुद्धा लाल होतात, ही आपली लखलखीत. पूजेतली आणि वर न गंजणारी, मग काय विचारता. सासूबाईंनी गावभर सांगितलं. लेक गुटगुटीत झाली तेही चकतीच्याच खात्यात गेलं.

मी अंगणवाडीत ताई आहे, तीस वर्षं होत आली. बाळांची वजनं घ्यायला घरोघर जाते. बायका म्हणायच्या, "ताई, तुमची ती चकती द्याल का सव्वा महिना?" मी द्यायचे. मीच पिशवीत घालून न्यायचे, उशाशी नीट मांडून द्यायचे. एका हातानं लोहाच्या गोळ्या, लसीचं कार्ड आणि दुसऱ्या हातानं चकती. शासनाचंही केलं आणि सटवाईचंही. तसा मला त्याचा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मी वेल्ह्याहून येणारी एसटी विंझरला धरली आणि नसरापूर फाट्याला उतरले. भंगारवाल्याचं दुकान फाट्यापासून चालत पाच मिनिटांवर. त्याला म्हटलं, "दादा, तीन दिवसांमागं टेम्पोत आलेल्या गोणीतली एक चकती परत पायजे. काय पैसे होतील ते घ्या."

तो खुर्चीतून उठलाच. "ताई, तुमीच का त्या? बसा बसा. न्हाई, बसू नका. तुमच्या मालानं माझा ट्रक अडकून पडलाय!"

मला वाटलं, झालं! यांनी कारखान्यातून चकती चोरून आणली होती आणि आज सव्वीस वर्षांनी चोरी उघडकीला आली. मी तिथंच सुरू केलं की माझा नवरा असला माणूस नाही, पूजेतली आहे, मुकादमानं हातानं दिलीय. तो म्हणाला, "चोरीचं न्हाई ओ. लोखंड वितळवणाऱ्या कारखान्याच्या गेटवर मशिन असतंय. ट्रक खालनं गेला की बघतंय. ते वाजाय लागलं. समदा माल उतरवला, एकेक तुकडा बघितला, आन् त्यात ही सापडली. किरणं निघत्यात म्हणे त्यातनं. एक्स-रे काढत्यात ना, तसली."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "कसली किरणं आन् कसलं काय! माझ्या घरात सव्वीस वर्षं हाय ती."

तो हसला नाही. "तुमचा पत्ता घेतलाय त्यांनी," एवढंच म्हणाला.

परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली होती, पण मार्गासनीपर्यंत मी तीनदा जागा बदलली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, खिडकी पायजे का?" मला खिडकी नको होती. काय पाहिजे ते मलाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सरकारी गाडी आली. दोन माणसं आणि एक बाई, वयानं माझ्या लेकीएवढी. नशिबानं लेक आमचं भांडण व्हायच्या आदल्याच दिवशी भोरला सासरी गेली होती, तिथल्या डॉक्टरांची तपासणीची तारीख होती. त्यांनी हातातलं यंत्र माळ्यावर, गोठ्यात, चुलीपाशी, सगळीकडे फिरवलं. यंत्र टिकटिक करत होतं. मी प्रत्येक टिकटिकीला विचारायचे, "हे काय? हे काय?" बाई म्हणाल्या, "एवढं सगळीकडेच असतं, मावशी. दगडातही असतं. घर साफ आहे."

मग त्या ओट्यावर बसल्या आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं. भंगार वितळवताना कधीतरी चुकून दवाखान्यातल्या किंवा कारखान्यातल्या एखाद्या जुन्या यंत्राचा तुकडा भट्टीत जातो. तो किरणं टाकणारा असला तर त्या घाण्यातलं सगळं लोखंड तसलं होतं. दिसत नाही, वास येत नाही, हाताला गरम लागत नाही. आता या चकतीत फारच थोडं उरलंय. दर पाच वर्षांनी ते निम्मं होत जातं.

"घरात कुठं असायची ही?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. माळ्यावर. आणि बाळंतपणात उशाशी.

त्या लिहीत होत्या, त्या थांबल्या. "उशाशी म्हणजे? बाळाच्या डोक्यापासून किती लांब?"

मी पंजा पसरून दाखवला. वीतभर. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग कागदावर लिहिलं.

मी विचारलं, "दुधातून जातं का? लागतं का एकाचं दुसऱ्याला?"

"नाही, मावशी. ते अंगात राहत नाही. वस्तू दूर नेली की संपलं. जवळ असताना जे काही झालं असेल ते झालं, बस. रोज थोडं थोडं, बराच काळ. त्यानं काही होतंच असं नाही. पण तान्ह्या बाळांचा गळा नाजूक असतो. तेव्हा जी बाळं होती त्यांनी आता एकदा गळा तपासून घ्यावा. आणखी कुणाच्या घरी गेली होती का ही?"

आणि मी म्हटलं, "न्हाई."

का म्हटलं? मला आजही धड सांगता येत नाही. लाज वाटली. भीती वाटली. सात घरांच्या दारातून मी स्वतःच्या हातानं ती आत नेली होती. जिभेवर "न्हाई" कधी आलं ते कळलंही नाही. मान वर केली तर समोरच्या दारात माझी जाऊ उभी होती.

तिचं नि माझं दार एकाच अंगणात. आणि अठरा वर्षं आमची बोलाचाली बंद. गोठ्याच्या भिंतीवरून भांडण झालं होतं. भिंत कधीच पडून गेली, भांडण उभं आहे. तेव्हा ती पोटुशी होती. मुलगा झाला आणि तिनं चकती मागायला माणूस पाठवलं. मी निरोप दिला, "ज्यांना माझा गोठा डोळ्यासमोर चालत न्हाई, त्यांना माझं लोखंड कशाला पायजे?" तिनं माहेराहून आणलेला कोयता उशाला ठेवला. पुढं त्या पोराला ताप आला की, खरचटलं की ती मोठ्यानं म्हणायची, "व्हणारच. घरात लोखंड असून लोकांनी दिलं न्हाई." गावात कोणाकोणाकडे चकती गेली ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक घर तिला टोचलेलं होतं.

तिनं माझं "न्हाई" ऐकलं. आत गेली. सरकारी बाईंनी फोन नंबर लिहिलेला कागद माझ्या हातात दिला आणि त्याही गेल्या.

त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकेना. भाजी टाकायची, अंगणात यायचं, भाजी करपायची. हे म्हणायचे, "बस की जरा." मी म्हणायचे, "तुमी बसा, तुमी आणलीय ती." असं बोलायला नको होतं. त्यांनी कुठं मुद्दाम आणली होती? ते उठून गोठ्यात जायचे आणि उगाच गुरांना थोपटत राहायचे.

खरी गोष्ट तर मी अजून सांगितलीच नाही. माझ्या लेकीच्या गळ्यावर आडवा व्रण आहे. बारावीत असताना गाठ आली होती, थायरॉइडची. पुण्याला नेलं, निम्मी ग्रंथी काढली. साधी गाठ होती, वाईट काही निघालं नाही, देवाची कृपा. तेव्हापासून ती रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. लग्न जमताना त्या व्रणामुळं दोन ठिकाणांहून नकार आले. लेक तेव्हा म्हणाली होती, "आई, मलाच का गं?" आणि मी, अंगणवाडीची ताई, तिला म्हटलं होतं, "कपाळावर लिहिलेलं असतं बाई, सटवाईनं काय लिहिलं ते कुणाला वाचता येतं?"

आता मला वाटायला लागलं की सटवाईनं नाही, ते मीच लिहिलं.

अंगणवाडीत एक दिवस पोरं चित्रं रंगवत होती. मी खडू घेतला आणि फळ्यावर हिशेब मांडला. दर पाच वर्षांनी निम्मं, म्हणजे मागं जाताना दुप्पट. आज एक. पाच वर्षांपूर्वी दोन. मग चार. मग आठ, सोळा, बत्तीस. लेक सव्वीसची. म्हणजे बत्तीस तिच्या वाट्याचे. वरच्या आळीतल्या पहिल्या घरातली मुलगी वीस वर्षांची, सोळा तिच्या वाट्याला. माझ्यामागे पोरं ओरडायला लागली, "एक, दोन, चार, आठ!" त्यांना वाटलं ताई नवीन पाढा शिकवतायत. मी ओल्या फडक्यानं फळा पुसला. पोरं खेळायला सोडली तरी म्हणतच होती, "सोळा, बत्तीस!" मी कान झाकून घेतले.

लोकांचे गळे बघायचा नाद लागला मला. वजन घ्यायला गेले की आधी आईचा गळा, मग पोराचा. एक जण म्हणाली, "ताई, माझं मंगळसूत्र मोजताय व्हय? दोनच वाट्या हायत, बघून घ्या!" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि बाहेर येऊन चप्पल घालायची विसरून घरी आले.

शेवटी भोरला त्या डॉक्टरांकडे गेले. लेकीची तारीख विचारायचं निमित्त केलं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टेबलावरचं पेन इकडून तिकडं ठेवलं.

"माझ्या लेकीची गाठ त्यानंच आली का?"

"असू शकतं. नसूही शकतं."

"डॉक्टर, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मी दोन्ही ऐकायला आलेय."

"कसं म्हणू? अशा गाठी कितीतरी बायकांना होतात. त्यांच्या उशाशी कुणी काही ठेवलेलं नसतं. आणि जिच्या उशाशी होतं तिला काहीच झालं नाही, असंही असेल. कशामुळं आली ते गाठीवर लिहिलेलं नसतं, मावशी."

म्हणजे यांनाही वाचता येईना. मला राग आला. त्यांचा नाही, पण समोर तेच होते. मी म्हटलं, "मग एवढी पुस्तकं वाचून उपयोग काय?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "एवढा उपयोग आहे. जी तेव्हा बाळं होती त्यांना घेऊन या. गळा हातानं तपासू, लागली तर सोनोग्राफी करू. काही असलं तर लवकर कळेल. आणि लेकीच्या पोटातल्या बाळाला काही धोका नाही, त्याची काळजी करू नका."

शेवटच्या वाक्यानं मला रडू आलं. मधलं वाक्य मात्र मी एसटीत घोकत आले. घेऊन या म्हणजे सांगा. सात घरांत जाऊन सांगा.

घरी आले. सरकारी बाईंचा कागद हजेरीवहीत ठेवला होता, तो काढला. नंबर लावला, एक रिंग गेली की बंद केला. असं किती वेळा केलं असेल. लेक भोरहून परत आली होती. ती विचारायची, "आई, चकती शोधून ठेवलीस ना? मला पण तीच पायजे हां. सासूबाईंना सांगून आलेय, आमच्याकडं कशी न गंजणारी चकती आहे." मी म्हणायचे, "तू झोप बघू." ती म्हणायची, "तू झोप, आई. तुझे डोळे बघ कसे झालेत." सांगायला तोंड उघडलं की तिचं पोट दिसायचं. आता नको, मोकळी झाली की सांगू. रोज मी हेच म्हणायचे आणि रोज समोरच्या दारातून जाऊ बघायची. बघायची आणि भांडी घासत राहायची. बोलली असती तर बरं झालं असतं. चांगलं कडकडून भांडले असते.

लेक भोरच्या दवाखान्यात मोकळी झाली. मुलगी. हात लावला तर ताज्या लोण्यासारखी. तिसऱ्या दिवशी घरी आणलं आणि पाचव्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, पाचवी पुजायला बायका जमल्या. आमच्या आळीतल्या, वरच्या आळीतल्या. जाऊही आली. बोलणं बंद असलं तरी पाचवीला, बारशाला, मयताला ती येतेच; भांडण आहे, नातं मोडलेलं नाही. ती दाराशी बसली.

पाट मांडला, पाट्यावर वरवंटा उभा केला, त्याला हळदीकुंकू झालं, नैवेद्य ठेवला. तेवढ्यात वरच्या आळीतली, जिच्या घरी चकती सगळ्यांत आधी गेली होती ती, इकडंतिकडं बघत म्हणाली, "ताई, अवं लोखंड कुठंय? तुमच्या घरात चकतीबिगर पाचवी?"

"व्हय की!" दुसरी म्हणाली. "काढा ती. समद्या गावाला पुरली, आन् घरच्या नातीला न्हाई?"

खाटेवरून लेक म्हणाली, "आई, आण ना."

मी उभी होते. मला वाटलं, सांगावं की हरवली. तयार होतं ते वाक्य जिभेवर. मी दाराकडे बघितलं. जाऊ माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, डोळे मोठे केले नाहीत, काही नाही. नुसती बघत होती. आणि मला कळलं की ही सांगणार नाही. तीन आठवडे तिच्या हातात माझी मान होती आणि तिनं ती आवळली नव्हती.

मी खाली बसले आणि सांगितलं. गेटवरचं यंत्र, सरकारी गाडी, किरणं, दर पाच वर्षांनी निम्मं. विचारलं तेव्हा मी न्हाई म्हटलं, तेही सांगितलं. लागत नाही, दुधातून जात नाही, घर साफ आहे. पण जी तेव्हा बाळं होती त्यांचे गळे एकदा दाखवायला हवेत.

एक बाई हसली, तिला वाटलं चेष्टा आहे. मग कोणीच हसलं नाही. एकीनं मांडीवरच्या पोराच्या गळ्याला हात लावला. वरच्या आळीतली उठून उभी राहिली. "आन् तुमी आज सांगताय? माझी पोरगी सव्वा महिना तिच्याशेजारी झोपली. तुमच्या हातानं मांडून दिली होती तुमी! ताई म्हणतो आमी तुमाला!"

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"बुधवारी तुमी यायचं. आमच्या संगं, भोरला, समद्या पोरांना घिऊन. डॉक्टरासमोर तुमीच बोलायचं."

"येते. त्या सरकारी बाईंनाही उद्या फोन करते."

ती पुन्हा बसली, पण पदराचा बोळा तोंडाशी धरून. मी लेकीकडे वळले. ती उठून बसली होती. एक हात गळ्यावरच्या व्रणावर होता.

"माझी गाठ त्यानं आली?"

"कुणालाच सांगता येत न्हाई, बाळा. डॉक्टरालाही न्हाई. आली असंल, नसंलही."

"तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"आणि मी रोज विचारत होते तुला. चकती कुठंय, चकती कुठंय." तिनं एवढंच म्हटलं. बाळाला उचलून भिंतीच्या बाजूला घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून आडवी झाली. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी झेलल्या असत्या. तिच्या पाठीकडे बघवेना.

दाराशी हालचाल झाली. जाऊ उठून बाहेर गेली. मला वाटलं, गेली. बरोबरच आहे, अठरा वर्षं वाट बघत होती, आता गावभर सांगेल. सांगू दे, मीच सांगून बसलेय. ताटातली हळदीकुंकवाची वाटी घेऊन मी नुसतीच बसून राहिले.

ती परत आली. हातात कोयता होता. जुना, मुठीचं लाकूड चिरलेलं, पात्यावर लालसर गंज. तोच, माहेराहून आणलेला, तिच्या पोराच्या उशाला ठेवलेला. पाट्याशी वाकून तिनं त्याला बोटानं हळदीकुंकू लावलं, पदरानं पातं पुसलं आणि खाटेशी जाऊन लेकीच्या उशाखाली, पातं आत नि मूठ बाहेर, असा सरकवून ठेवला. मग माझ्याकडे वळून, अठरा वर्षांत पहिल्यांदा, माझ्याशी बोलली.

"माझ्या पोराच्या वक्ताला न्हाई दिलीस ना, लई रडले व्हते म्या," ती म्हणाली. "ह्यो ठेव. गंजतो, पर लोखंडच हाय."

मला हुंदका फुटला. बायकांसमोर, नातीच्या पाचवीला, मी लहान पोरीसारखी रडले आणि जावेनं मला रडू दिलं. तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि स्वतःच बायकांना हळदीकुंकू लावत निघाली.

लेकीनं माझ्याकडे तोंड वळवलं नाही. माझ्याशी ती नंतरही पाच दिवस बोलली नाही. पण भिंतीकडेच बघत तिनं एक हात मागं केला, चाचपून कोयत्याची मूठ शोधली आणि ती थोडी स्वतःकडे ओढून घेतली.